अनुदानाचं पाणी मुरतं कुठे

अमेरिकेतल्या शेती अनुदानाची काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा-तालुक्यासारखं) यादी नावानिशी बघायला मिळते, एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था ती काढते, 1995 पासूनचे आकडे आहेत. कुठलीही ग्रामीण काउंटी उघडा, वरची दहा नावं बघा, आणि लगेच वाटतं की बघा कसे खातायत लेकाचे. मलाही वाटलं. पण यादीत नाव कुणाचं आहे आणि पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

आधी हिशोब बघू. पीएलसी (प्राइस लॉस कव्हरेज) म्हणून एक स्कीम आहे, सरकारने ठरवलेल्या रेफरन्स प्राइसच्या खाली बाजारभाव गेला की फरक मिळतो. मक्याचा रेफरन्स भाव 2014 च्या शेती कायद्यात बुशेलला (धान्य मोजायचं तिकडचं माप) 3.70 डॉलर होता, 2016 च्या पिकाचा सरासरी भाव निघाला 3.36, म्हणजे फरक 34 सेंट. समजा एकाकडे मक्याचे 100 बेस एकर आहेत आणि कागदावरचा उतारा एकरी 150 बुशेल, तर 85 टक्के एकरांवर हिशोब करून 4,335 डॉलर झाले. तेही पुढच्या वर्षी ऑक्टोबरनंतर जमा, तोवर पुढचं पीक काढायला आलेलं!

आता गंमत म्हणजे हे बेस एकर म्हणजे यंदा काय पेरलंय ते नाही, पूर्वी कधीतरी काय पेरत होते त्याची नोंद. यंदा सगळं सोयाबीन घेतलं तरी मक्याचे पैसे येतात. ही नोंद जमिनीला चिकटलेली, जमीन विकली की तीही जाते.

आणि तिकडे भरपूर लोक दुसऱ्याची जमीन कसतात. वाट्याने असेल तर अनुदान मालक आणि कसणारा दोघांत वाटलं जातं, रोख खंडाने असेल तर कायद्याने सगळं कसणाऱ्याचं. ऐकायला छान, पण बेस किती आहे हे मालकालाही माहीत असतं ना, तो पुढच्या कराराला खंड वाढवून मागतो. म्हणजे यादीत नाव ट्रॅक्टरवर बसणाऱ्याचं आणि त्यातले थोडे पैसे शहरात राहणाऱ्या मालकाकडे, ज्याचं नाव यादीत कुठेच नाही.

अनुदानाला मर्यादा आहे म्हणे, माणशी सव्वा लाख डॉलर होती, 2025 च्या कायद्याने 1 लाख 55 हजार केली. पण बायकोची वेगळी, पार्टनरची वेगळी, आणि 2018 च्या कायद्याने तर चुलत-मामे भावंडं, भाचे-पुतणे सगळे कुटुंबात घेतले, व्यवस्थापनात हातभार दाखवला की झालं.

सगळ्यात भारी प्रकार 2019 चा. चीनशी व्यापारयुद्ध चालू होतं म्हणून ट्रम्प सरकारने मदत दिली, 2018 आणि 2019 मिळून साधारण 23 अब्ज डॉलर. 2019 ला दर पिकावर नव्हता तर काउंटीवर होता, एकरी 15 पासून 150 डॉलरपर्यंत! म्हणजे मधे फक्त एक रस्ता, दोन्ही बाजूला तेच सोयाबीन तीच माती, पण रस्ता काउंटीची हद्द असेल तर चेक वेगळा. याच्यावर भांडणं झाली नसतील तरच नवल.

शेती खात्याच्या काउंटी ऑफिसात कमिटी असते तीही शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली, आपल्याकडच्या सोसायटीच्या निवडणुकीसारखीच. पण दर वॉशिंग्टनला ठरतात, ते बदलणं कमिटीच्या हातात नाही.

पीक विम्याचं तर विचारूच नका. प्रीमियमचा निम्म्याहून जास्त भाग सरासरीने सरकार भरतं आणि ते कुणाकुणासाठी भरलं ती नावं जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे ज्या यादीवरून आपण लोकांना नावं ठेवतो त्यात ही एवढी मोठी रक्कम धरलेलीच नाही.

आणि आता त्याच 2025 च्या कायद्याने मक्याचा रेफरन्स भाव 4.10 केलाय आणि वर 3 कोटी एकरांपर्यंत नवीन बेस द्यायचं ठरवलंय. कसणारे खूश असतील, पण पुढचा खंडाचा करार करायला बसतील तेव्हा मालकाने हे वाचलेलं असणार एवढं नक्की.