भारी कोण?

आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत चेरी कोळंब्या आल्यापासून टीव्ही बंदच असतो. इंचभराचा लालचुटूक जीव. दिवसभर शेवाळ खुडायचं, मधूनच कात टाकायची आणि तीही खाऊन टाकायची. परवा भाचीने विचारलं, "मावशी, ही आणि सील, दोघांत भारी कोण?" तिचा सील म्हणजे बैकल सरोवरातला नेर्पा. मेथी निवडताना तो प्रश्न डोक्यातून जाईना.

नेर्पाची बाजू भक्कम आहे. फक्त गोड्या पाण्यात राहणारी सीलची ही एकुलती एक जात. सैबेरियातलं ते सरोवर १६४२ मीटर खोल, आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इतक्या आत हे लोक पोचले कसे, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. हिवाळ्यात सरोवर गोठलं की नेर्पा नखांनी बर्फ खरवडून श्वासापुरती भोकं उघडी ठेवतो. (निफाडचा पारा घसरला की आपण लगेच दोन गोधड्या काढतो.) आयुष्यही पन्नास वर्षांच्या पुढे जाऊ शकतं. कोळंबीला दोन वर्षं मिळाली तरी पुष्कळ.

तरीही माझं मत कोळंबीला.

कारण गोदावरी त्र्यंबकहून निघून हजारावर किलोमीटरनंतर जिथे समुद्राला भिडते, तिथली टपोरी कोळंबी गोड्या पाण्यात वाढते खरी, पण अंडी फुटायच्या वेळी मचूळ पाण्याकडे निघते, बाळंतपणाला माहेरी जावं तशी. मिठाशिवाय तिच्या पिल्लांचं भागत नाही. नेर्पाचंही माहेर सुटलेलं नाही: पिल्लू घालायला मादीला पाण्याबाहेर, बर्फातल्या बिळातच यावं लागतं. चेरीने मात्र तो धागा तोडलाय. वीस-तीस अंडी पोटाखाली घेऊन ती जवळजवळ महिनाभर पायांनी वारा घालत फिरते, आणि बाहेर पडतात ती थेट तिच्याच चेहऱ्यामोहऱ्याची, तिळाएवढी पिल्लं. समुद्राचं नाव नाही.

भाचीला हे पटलं नाही. "सीलचे डोळे तरी बघ!" बघितले. त्या डोळ्यांपुढे माझा मुद्दा टिकत नाही, हे खरं.

तैवानकडच्या या चेरीबाईला नाशिकचा मे महिना मात्र झेपत नाही. पारा चाळिशीला टेकला की टाकीवर पंखा लावायचा, फ्रीजरमधली बाटली पाण्यात सोडायची. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून ठेवायचं, क्लोरिन उडायला. घरातल्या माणसांचे एवढे लाड कोणी करत नाही, असं ऐकवून झालंय.