राणीच्या बागेतला हत्ती आणि आमची मे महिन्याची सुट्टी

यंदा मुलांना घेऊन बाहेर पडण्याआधी घरात दोन गोष्टी पक्क्या केल्या. एका दिवशी एकच ठिकाण, आणि पुढचं ठिकाण आधीच्या ठिकाणातून निघालं पाहिजे. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चारची. आम्ही डोंबिवलीत राहतो, दोघंही नोकरीला, म्हणजे हाताशी शनिवार-रविवारच. या वयाच्या मुलांना एका दिवसात चार जागा दाखवल्या तर संध्याकाळी त्यांना फक्त आइस्क्रीम आठवतं. एकच गोष्ट नीट दाखवली, तर ती महिनाभर पुरते.

त्यातही आम्ही शनिवारच धरला. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, आणि भर दुपारी रखडलेल्या गाडीत पेंगुळलेलं पोर कडेवर घेऊन उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये. शिवाय कुठलं ठिकाण कोणत्या वारी बंद असतं ते कागदावर लिहून फ्रीजवर लावलं. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, घारापुरी बेटावरची लेणी सोमवारी, बोरिवलीचं नॅशनल पार्कही सोमवारी. सुट्टीत एखादी रजा मधल्या वारी टाकायची, तर हे आधी बघावं लागतं.

पहिली राणीची बाग. भायखळ्याला थांबणारी फास्ट पकडली. मोठ्याचं अर्धं तिकीट, धाकटीला तिकीटच नाही. स्टेशनपासून बाग चालत दहा-एक मिनिटांवर आहे. साडेनऊला दार उघडतं, आम्ही उघडतानाच हजर होतो. याचा फायदा पेंग्विनपाशी कळला. अकरानंतर तिथे रांग लागते आणि चार वर्षांच्या मुलीला पुढच्यांच्या पाठीच दिसतात. आम्हाला काचेला नाक लावून उभं राहता आलं. पोहणारा पेंग्विन अगदी तिच्या तोंडासमोरून सुळकन गेला आणि ती ओरडली, "आई, हा पाण्यात उडतोय!" हे हम्बोल्ट पेंग्विन 2016 साली मुंबईत आले. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा, असं मुलाने फलकावरून वाचलं आणि घरी येऊन नकाशात शोधलं.

पण माझ्या मनात होता तो हत्ती. खरा नाही, दगडी. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे, आणि बागेतून बाहेर पडणारी बहुतेक माणसं त्याच्याकडे न बघताच निघून जातात. हा हत्ती मुळात घारापुरी बेटाचा. बेटावर उतरताना पोर्तुगिजांना तो दिसला, म्हणून त्यांनी बेटालाच हत्तीचं नाव दिलं आणि त्याचं पुढे एलिफंटा झालं. 1814 मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. 1864 मध्ये इंग्रज तो इंग्लंडला न्यायला निघाले, तर उचलतानाच तुटून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत राहिले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले गेले. मुलाला आम्ही हत्तीच्या अंगावरचे सांधे शोधायला सांगितले. तो बराच वेळ भोवती फिरत राहिला. मग विचारलं, "बाबा, ह्याचं घर अजून आहे का तिकडे?"

पुढचं ठिकाण असं ठरलं.

घारापुरीला निघताना मनात धाकधूक होती, ती समुद्राची. 18 डिसेंबर 2024 ला याच मार्गावरच्या बोटीला अपघात झाला आणि माणसं गेली, ते विसरता येत नाही. म्हणून आमची अट साधी होती: मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नीट बसलं तरच बोट. मोठ्यांच्या मापाचं जॅकेट चार वर्षांच्या मुलीच्या कानांपर्यंत येतं आणि खालून मोकळं राहतं. ते उपयोगाचं नाही. लाँचवरच्या दादांना तसं सांगितल्यावर त्यांनी आतून लहान मापाचं काढून दिलं आणि पट्टा पायांमधून घेऊन स्वतः आवळला. "ताई, पोरीला मधल्या बाकावर घ्या, कडेला नको," म्हणाले. मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने असं मागून घ्यावं. मागितलं की मिळतं, आणि मिळालं नाही तर पुढच्या लाँचने जावं.

गेटवेवरून पोचायला साधारण तास लागतो. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एक धरली, कारण मे महिन्यात धक्क्यापासून लेण्यांपर्यंतचा टप्पा अकराच्या आत संपवावा लागतो. धक्क्यावरून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी जाते. मुलांचा निम्मा आनंद त्या गाडीतच होता. पुढे सुमारे 120 पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्र्या, त्यामुळे सावली मिळते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही.

माकडांचं मात्र खरंच सांभाळावं. हातात पिशवी दिसली की ती येतात, पाण्याची बाटलीही ओढतात. आम्ही खाणं पाठीवरच्या पिशवीत बंद ठेवलं होतं: गूळ-तुपाच्या पोळीच्या गुंडाळ्या, काकडी आणि बाटलीत कोकम सरबत. ते काढलं परतताना, धक्क्यावर. वर चढताना एका आजींकडून कैरीच्या फोडी घेतल्या. त्यांनी तिखट-मीठ वेगळं पुडीत बांधून दिलं, "बारकीला तिखट नको" म्हणून. बेटावर लोक राहतात हे मुलांना नवीनच होतं. समुद्राखालून केबल टाकून इथे कायमची वीज आली ती 2018 मध्ये, हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "मग आधी पंखा?"

लेण्यात शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी लागते. सगळी शिल्पं दाखवायची नाहीत, असं आधीच ठरलं होतं. आम्ही तीनच बघितली. कैलास हलवणारा रावण, जटांत गंगा झेलणारा शंकर आणि समोरचं सुमारे 20 फुटी सदाशिवाचं शिल्प. पहिल्या दोन गोष्टी मुलांना त्यांच्या आजीकडून तोंडपाठ आहेत, त्यामुळे त्यांनी आम्हालाच समजावल्या. सदाशिवासमोर दोघंही जमिनीवर बसली. धाकटीने तिन्ही तोंडं बोटाने मोजली, मग एक रागावलंय आणि एक झोपलंय असं जाहीर केलं. कुणी घाई केली नाही. तिथे आम्हाला मिळालेला तो वेळ मला पूर्ण सुट्टीतला सगळ्यात मोलाचा वाटतो. 1987 पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे आणि डोंबिवलीच्या मुलांना ते एका सकाळीत गाठता येतं. हे आपण फार कमी वापरतो.

दुपारच्या लाँचमध्ये दोघं झोपली. मोठ्याने झोपण्याआधी पुढचा प्रश्न विचारून ठेवला: इथल्या माणसांनी डोंगर पोखरला, तशी अजून कुठे घरं आहेत का?

आहेत, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. पण तिथला काळा दगड मेमध्ये तापतो आणि मुलांना बराच चढ उघड्यावर चालावा लागतो. त्यामुळे कान्हेरी आम्ही दिवाळीच्या सुट्टीवर टाकली आहे. पाऊस नुकताच संपलेला असेल, लेण्यांशेजारी खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढी भरलेल्या असतील. शनिवारी सकाळी ठाण्याहून बसने बोरिवली, आणि फाटकातून आतल्या गाडीने वर, असा बेत आहे.