तुम्ही विचारलंत म्हणून: हम्मुराबीचा दगड मी शेवटी का दाखवते

पालकसभेत, लग्नाकार्यात, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांकडून एक प्रश्न मला फिरून फिरून येतो. "मॅडम, मेसोपोटेमिया म्हणजे हम्मुराबी, आणि हम्मुराबी म्हणजे डोळ्याला डोळा. त्यात इतके तास काय शिकवता?" प्रश्नाच्या पोटात दोन शंका असतात. पोर्शन पुरा होणार का, ही एक. आणि पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या रानटी माणसांकडून आमच्या पोरांनी काय शिकायचं, ही दुसरी. पहिलीचं उत्तर: होतो पुरा, फेब्रुवारीत थोडी पळापळ होते. दुसरीचं जरा लांबण लावून द्यावं लागेल.

मेसोपोटेमिया म्हणजे आजच्या इराकचा मुलूख, आणि हम्मुराबी तिथल्या बॅबिलोनचा राजा. त्याचे कायदे कोरलेला तो काळा दगड मी सगळ्यात शेवटी दाखवते. सुरुवात करते एका रुसलेल्या मुलाच्या पत्राने. इद्दिन-सिन नावाचा हा मुलगा घरापासून लांब राहतोय आणि आईला, झिनूला, कळवतोय की इथल्या मुलांचे कपडे वर्षागणिक सुधारत चाललेत, माझे मात्र वर्षागणिक खालावत चाललेत. आपल्या घरात लोकर भाकरीसारखी खपते, तरी मला तू असले कपडे करतेस. अदद-इद्दिनमचा बाप माझ्या बाबांच्या हाताखाली काम करतो, त्या पोराला दोन नवे जोड. आणि एका जोडासाठी तुझी एवढी कुरकुर. त्याला तर दत्तक घेतलंय, तरी त्याची आई त्याच्यावर जीव टाकते. तू मला जन्म दिलास, पण तुझं माझ्यावर प्रेम नाही.

हे वाचल्यावर वर्ग हसतो, आणि मागच्या बाकावरचं कोणीतरी "सेम टू सेम" म्हणतंच. तिथे थांबलं तर तो नुसता गमतीचा तास होईल. म्हणून पुढचा प्रश्न मी विचारते: याचा बाप कोण?

बाप शमश-हाझिर. लार्सा शहर हम्मुराबीने जिंकलं तेव्हा तिथल्या जमिनींची व्यवस्था ज्याच्याकडे सोपवली, तो अधिकारी. या शमश-हाझिरला खुद्द राजाने पाठवलेली पत्रं सापडली आहेत. त्यातल्या एकात कुटल्ला गावच्या सिन-इश्मेआन्नी नावाच्या माळ्याची तक्रार आहे. खजुराच्या झाडांची निगा राखणारा हा माणूस. त्याने राजाला कळवलं, की शमश-हाझिरने माझ्या वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा काढून घेतला आणि एका शिपायाला दिला. राजा आपल्याच अधिकाऱ्याला लिहितो: कायमची जमीन अशी कधी काढून घेतात का? चौकशी कर, आणि जमीन त्याच्या बापाचीच असेल तर परत दे.

पोरांचे चेहरे बदलतात ते इथे. कपड्यांवरून रुसलेला मुलगा, घरात खपणारी ती लोकर, आणि त्याच घरच्या कर्त्याने हिसकावलेली माळ्याची जमीन, हे सगळं एका रेषेत येतं. माझ्या वर्गात सातबारा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कायदा म्हणजे काय हे मला याच जागेवरून सुरू करायचं असतं. तिथला कायदा पहिल्यांदा दिसतो तो तक्रारीत, चौकशीत आणि लिहून ठेवलेल्या पुराव्यात. दगडावरची कलमं त्यानंतर.

पुरावा म्हणजे मातीची पाटी. ती आम्ही करतो. शाडू आणायची, प्लॅस्टर ऑफ पॅरिस नको. तळहातात मावेल एवढा गोळा थापायचा आणि आइस्क्रीमच्या काडीचं टोक तिरकं कापून त्याच्या कोपऱ्याने खुणा करायच्या. पहिल्या झटक्यात सगळे कोरायला लागतात. कोरलं की कडेला मातीचा चुरा उठतो आणि दोन ओळींत पाटीचं वाटोळं होतं. काडी ओढायची नाही, दाबायची आणि उचलायची, हे हातालाच कळावं लागतं. एकदा कळलं की ती खिळ्यासारखी अक्षरं तशीच का दिसतात, यावर वेगळं भाषण करावं लागत नाही.

मग कर्जाचा करार. अमक्याने तमक्याकडून इतकं जव घेतलं, सुगीला व्याजासकट फेडीन, साक्षीदार हे हे. जवाच्या कर्जावर व्याज सहसा एक तृतीयांश, चांदीच्या कर्जावर एक पंचमांश. ही पाटी वाळली की तिच्यावर मातीचाच पातळ लिफाफा चढवायचा आणि त्याच्यावर तोच मजकूर पुन्हा लिहून शिक्के उमटवायचे. ज्याच्याकडे शिक्का नसे तो नखाची खूण करी किंवा कपड्याची किनार मातीत दाबी. आतली पाटी ओली असताना लिफाफा चढवला तर दोन्ही चिकटतात. ती वाळल्यावर चढवला तर लिफाफा सुकताना आवळतो आणि तडकतो. आमचे निम्मे तरी तडकतातच. त्या काळच्या लेखनिकांबद्दलचा आदर वाढवायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

दरवर्षी एखादा हुशार बाहेरच्या लिफाफ्यावर पाच पोत्यांची आठ पोती करून बघतो. बाकीचे ओरडतात, फोड! खरोखरीच तसं होई. वाद झाला की न्यायाधीशांसमोर लिफाफा फोडायचा आणि आतला आकडा बघायचा.

यानंतर पाणी. दक्षिण मेसोपोटेमियात पावसावर शेती होत नाही. युफ्रेटिस आणि टायग्रिसचं पाणी कालव्यांनी आणावं लागतं. आणि या नद्यांना पूर येतो तो एप्रिल-मेमध्ये, जव कापणीला आलेलं असताना. म्हणजे पेरणीला हवं तेव्हा पाणी कमी, नको तेव्हा दारात. अशा मुलखात शेजाऱ्याचा बांध हा तुमच्या जिवाचा प्रश्न होतो. हम्मुराबीच्या कायद्यात म्हणूनच आळसाने बांधाची डागडुजी न करणाऱ्यासाठी कलम आहे: बांध फुटून इतरांची शेतं वाहून गेली तर त्याने त्यांचं धान्य भरून द्यायचं, आणि भरता आलं नाही तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूंना विकून पैसे वाटून घ्यायचे. पाटाचं तोंड उघडून दुर्लक्ष करणाऱ्यासाठी वेगळं कलम. माझ्या वर्गातली बरीच पोरं उसाच्या पट्ट्यातली. रात्रीची लाइट येते तेव्हा दारं धरायला गेलेली. "मॅडम, दाऱ्यावर डोळा लागला तर?" असं एकाने विचारलं होतं. तर धान्य भरावं लागेल, मी म्हटलं. "मग बरोबर आहे," तो म्हणाला, "आमच्या शेजारच्याला पण लावा."

त्याच दगडावर त्याहून जिव्हाळ्याचं एक कलम आहे. कर्ज काढलंय आणि वादळपावसाने शेत बुडालं, किंवा पाण्याअभावी पीकच आलं नाही, तर त्या वर्षी सावकाराला धान्य द्यायचं नाही, आणि त्या वर्षाचं व्याजही नाही. कर्जदाराने आपली पाटी भिजवायची. करार मातीवर लिहिलेला, तेव्हा तो बदलायचा तर माती ओली करावी लागणार. शाडूत हात घातलेल्या पोरांना हे क्षणात समजतं. इतरांना मला फळ्यावर समजावून सांगावं लागलं असतं.

आता दगड. सव्वादोन मीटर उंच, वर सूर्यदेव शमश बसलेला आणि त्याच्यासमोर उभा हम्मुराबी (राज्यकाळ इ.स.पू. १७९२ ते १७५०). तो सापडला बॅबिलोनमध्ये नव्हे. शेजारच्या एलाम राज्याच्या राजाने लूट म्हणून नेलेला हा दगड १९०१-०२मध्ये इराणमधल्या सूसा इथे फ्रेंच उत्खननात मिळाला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. २८२ हा कलमांचा आकडा पाठ करून घेतला जातो, पण मूळ दगडावर क्रमांक नाहीत. ते पहिल्या फ्रेंच वाचनाच्या वेळी दिले गेले. त्या काळचे न्यायनिवाड्यांचे पुष्कळ दस्तऐवज हाती आहेत आणि त्यांत 'अमुक कलमानुसार' म्हणून दिलेला निकाल जवळजवळ दिसत नाही. म्हणून त्याला आजच्या दंडसंहितेसारखं पुस्तक समजू नका, असं मी बजावते. राजा किती न्यायी आहे याची ती जाहिरातही होती. माझं स्पष्ट मत, निम्म्याहून जास्त जाहिरातच.

आणि तो डोळा. प्रतिष्ठित माणसाने प्रतिष्ठिताचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडायचा. सामान्य माणसाचा फोडला तर एक मिना, म्हणजे साधारण अर्धा किलो चांदी. दुसऱ्याच्या गुलामाचा फोडला तर गुलामाच्या किमतीच्या निम्मे. हे फळ्यावर लिहिलं की मनुस्मृतीतल्या वर्णानुसार दंडाची आठवण वर्गातून कोणीतरी काढतंच, आणि मग महाडचं, २५ डिसेंबर १९२७चं दहनही निघतं. मी विषय बदलत नाही. तास त्या दिशेने गेला तर जाऊ देते.

पण मला त्या डोळ्यावरून आणखी एक गोष्ट मोडायची असते. आधी माणूस क्रूर होता आणि मग हळूहळू सुधारला, अशी एक शिडी पोरांच्या डोक्यात घट्ट बसलेली असते. हम्मुराबीच्या आधी सुमारे तीनशे वर्षं उर शहराच्या उर-नम्मू राजाच्या नावाने ओळखले जाणारे कायदे आहेत. त्यात डोळा फोडल्याची शिक्षा अर्धा मिना चांदी. दंड आधी, डोळ्याला डोळा नंतर! कारण काय असावं, यावर वर्गात जोरदार वाद होतो. श्रीमंताला दंड म्हणजे किरकोळ खर्च, तो बिनधास्त डोळे फोडत सुटला असेल, असं एका मुलीचं म्हणणं होतं. या मताचे अभ्यासकही आहेत, हे मी तिला नंतर सांगितलं.

शेवटचा तास मेसोपोटेमियातल्याच निप्पूर शहरातल्या एका खटल्याचा. लू-इनान्ना नावाच्या, देवळाशी संबंधित मोठ्या माणसाचा तिघांनी खून केला. एक मारेकरी माळ्याचा गुलाम. खून करून त्यांनी त्याच्या बायकोला, निन-दादाला, सांगितलं. ती गप्प राहिली. प्रकरण इसिन शहराच्या उर-निनुर्ता राजापर्यंत गेलं आणि त्याने ते निप्पूरच्या सभेकडे पाठवलं. सभेत बोलणारे कोण? पाखरं धरणारा, कुंभार, माळी. नऊ जण म्हणाले, तिघांना आणि तिलाही मारा. दोघं उभे राहिले: तिने खून केलाय का? तिला मारावं असं तिने काय केलं?

इथे मी वाचन थांबवते आणि वर्गालाच सभा करते. कोणी म्हणतं, तिला धमकावलं असेल. कोणी म्हणतं, मग राजाकडे कोण गेलं, ती का नाही गेली? मुली तिच्या बाजूने आणि मुलं विरुद्ध अशी सरळ वाटणी होईल असं मला वाटायचं, तशी होत नाही. मतदान झालं की निकाल सांगते. सुरुवातीच्या वाचनात, ती सुटली असा अर्थ लावला गेला होता. नंतरच्या, जास्त चांगल्या वाचनाप्रमाणे सभेने तिचा अपराध मारेकऱ्यांहून मोठा ठरवला आणि चौघांनाही मृत्युदंड दिला. या खटल्याच्या प्रती शाळकरी मुलं सरावासाठी उतरवून काढायची, म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला. निन-दादाचं काय करायचं, हे निप्पूरच्या पोरांनीही गिरवलं होतं.

हरलेली बाजू लगेच अपील कुठे करायचं म्हणून विचारते. राजाकडे, असं म्हणायची सोय नाही. त्यानेच तर प्रकरण सभेकडे धाडलेलं. तेवढ्यात घंटा होते आणि ही मंडळी भांडत भांडत कँटीनकडे जातात.