सव्वा किलोची प्लेट

जानेवारीत केलेल्या डेक्सा चाचणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत, माझ्या कण्याच्या हाडांचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे १.९ आला. उणे १ पर्यंत हाडांची घनता सामान्य समजली जाते, उणे २.५ किंवा त्याखाली गेली की त्या अवस्थेला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि या दोहोंमधल्या पट्ट्यात, म्हणजे ऑस्टिओपेनियात, मी सत्तावन्नाव्या वर्षी येऊन पोहोचले होते. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिले आणि जाता जाता ‘आता वजन उचलायला लागा’ असे सांगितले. औषधांची चिठ्ठी दुकानदाराच्या हाती दिली की काम संपते. हे दुसरे वाक्य कोणाकडे न्यायचे, हा मात्र प्रश्न पडला.

मुलीने आणि जावयांनी जुन्या पादरा रस्त्यावरच्या एका मोठ्या साखळीच्या जिमचे नाव सुचवले. यजमानांचे म्हणणे होते की दांडिया बाजारात घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर, भांड्यांच्या दुकानाच्या वर, एक जिम गेली वीस वर्षे चालू आहे, तेव्हा आधी तिथे पाहावे. बडोद्यातल्या मराठी घरांत व्यायामशाळेचा अभिमान पिढीजात असतो. जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव ही नावे आमच्याकडे जेवणाच्या पानावरही निघत. माणिकराव व्यायामाइतकेच हाडे बसवण्यासाठीही प्रसिद्ध होते, असे आजोबा आवर्जून सांगत. तरीही हा अभिमान मी या निर्णयात मुद्दामच मध्ये येऊ दिला नाही, कारण त्या आठवणींत जोर, बैठका, मल्लखांब सगळे काही होते, पण माझ्या आजीला किंवा आईला कोणी कधी काही उचलायला सांगितल्याचे नव्हते.

बँकेत एकतीस वर्षे काढल्यामुळे कागद वाचल्याशिवाय सही करण्याची मला सवय नाही, म्हणून आधी वाचन केले. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग माझ्या प्रश्नाला थेट भिडणारा निघाला. पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांपैकी एका गटाला आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने उचलायला लावली होती आणि दुसऱ्या गटाला घरच्या घरी हलका व्यायाम दिला होता. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली आणि दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. त्यांचे मुख्य व्यायाम तीनच होते: जमिनीवरून बारबेल उचलणे, तो खांद्यावर घेऊन बैठक मारणे आणि डोक्यावर उचलणे. सुरुवातीला हलक्या वजनावर पद्धत शिकवून मग ते हळूहळू वाढवत नेले होते. याचा अर्थ मला ट्रेडमिल नको होती, झुम्बाही नको होता. मला हवा होता एक बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा चढवायचा लोखंडी रॉड, त्यावर थोडे थोडे वाढवता येईल असे वजन, आणि माझी पाठ वाकली की थांबवणारे कोणीतरी. हे तिन्ही मनात पक्के करून मी दोन्ही ठिकाणी गेले.

साखळीच्या जिममध्ये शिरताच बडोद्याचा उन्हाळा दाराबाहेर राहतो, हे पहिले सुख. कपडे बदलायला स्वतंत्र खोली, कुलूपबंद कपाट, गरम पाण्याची अंघोळ आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे. या गोष्टी पुरुष लेखक चैनीत मोजतात, पण घरापासून दूर व्यायाम करणाऱ्या बाईने त्या पहिल्या यादीत धराव्यात. काउंटरवरच्या मुलीने ‘आंटी, तुमच्यासाठी कार्डिओ बेस्ट’ असे म्हणत मला सरळ ट्रेडमिलच्या रांगेकडे नेले. वजनांचा भाग मागच्या कोपऱ्यात होता आणि संध्याकाळी साडेसहाला बैठकांच्या एकमेव रॅकपाशी चार तरुण आपापली पाळी धरून उभे होते. तिथला मोठा रॉड एकटाच २० किलोंचा. त्याखालचे कायम वजनाचे रॉड १० किलोंपासून पाच-पाच किलोंनी वाढत जात होते. डोक्यावर वजन उचलताना माझी ताकद तेव्हा जेमतेम दहा किलोंची होती, आणि दहावरून एकदम पंधरावर जाणे म्हणजे निम्म्याने वाढ. तेवढी उडी माझ्या खांद्यांना शक्य नव्हती. सर्वसाधारण सभासदत्वात पद्धत शिकवणे धरलेले नव्हते. त्यासाठी वैयक्तिक प्रशिक्षक घ्यावा लागे आणि त्याचे महिन्याचे शुल्क वर्षाच्या शुल्काच्या तिसऱ्या हिश्श्याइतके होते.

भांड्यांच्या दुकानावरची जिम म्हणजे एक लांबट खोली, तीन पंखे, आरसा एकाच भिंतीला, आणि लोखंडाचा तो वास, जो मला का कोण जाणे शाळेच्या घंटेची आठवण करून देतो. चालवणारे गृहस्थ साठीचे आहेत आणि सगळे त्यांना दादा म्हणतात. अकरा ते एक ही वेळ बायकांची, आणि तेव्हा त्यांची सून तिथे असते. दादांनी माझा अहवाल वाचला नाही. त्यांनी मला खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगितले, मग झाडूचा दांडा हातात देऊन तो मांड्यांना घासत गुडघ्यांखाली नेऊन परत वर आणायला लावले, आणि म्हणाले, “ताई, दोन आठवडे एवढेच. रॉडला हात लावायचा नाही.” पैसे घेण्याआधीच कोणी मला काही करू नका असे सांगितल्याचा हा माझा पहिला अनुभव होता.

दोष लपवण्याजोगे नाहीत. कपडे बदलायला जागा नाही, घरूनच तयार होऊन यावे लागते. स्वच्छतागृह एकच आणि तेही जिन्याखाली. प्लेटांबद्दल मला आधीच शंका होती, म्हणून दादांच्या परवानगीने मी काही प्लेटा खाली किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन तोलल्या. दहा किलोंचा ठसा असलेल्या दोन प्लेटांपैकी एक भरली ९ किलो २५० ग्रॅम आणि दुसरी ९ किलो ८००. दुकानदाराला वाटले, मी भंगार विकायला आणले आहे. पण विचार केल्यावर लक्षात आले की खरे वजन किती, यापेक्षा गेल्या आठवड्याहून आज किती वाढले हेच माझ्या कामाचे आहे. म्हणून मी जुळत्या वजनाच्या जोड्या लावून प्रत्येकीवर तेलरंगाने खूण केली. त्याच ढिगात सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडी सापडली. दादांचा बारीक रॉड सहा किलोंचा, दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलो चढवले की साडेआठ. पायरी अडीच किलोंची झाली. लहान जिमच्या बाजूने पारडे झुकवणारी वस्तू कोणती, असे विचाराल तर ती हीच गंजकी जोडी.

उरला पैशाचा प्रश्न. साखळीचे शुल्क वर्षाचे आणि आगाऊ. दादांचे महिन्याला नऊशे, तीन महिन्यांचे एकदम दिले तर चोवीसशे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठ्या जिमचे बिल काहीसे उतरले आहे हे खरे. दादांची उलाढाल सेवा व्यवसायाच्या २० लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असल्याने त्यांना हा कर लागूच होत नाही. पण मला कराहून मोठी गोष्ट ठरले ते डेला विग्ना आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांचे २००६ साली प्रसिद्ध झालेले संशोधन. अमेरिकेतल्या तीन जिमच्या सभासदांची हजेरी त्यांनी तपासली. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे लोक सरासरी महिन्यातून ४.३ वेळाच येत होते, म्हणजे प्रत्येक खेपेला १७ डॉलरहून अधिक मोजत होते, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. आपण नियमित जाऊ, हा आपलाच अंदाज चुकतो आणि त्याची किंमत आपण आगाऊ भरतो. मुदत ठेवींच्या खिडकीवर बसून लोकांचे भविष्याविषयीचे अंदाज मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे मला याचे नवल वाटले नाही.

माझे वय पंचवीस असते, संध्याकाळी सातनंतरच मोकळी होत असते किंवा ऑफिसातून परस्पर जिमला जाऊन तिथेच अंघोळ करून निघायचे असते, तर मी जुन्या पादरा रस्त्यावर नाव घातले असते. मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला तेव्हा दादांच्या तीन पंख्यांखाली मला त्या थंड हॉलची आठवण आली, आणि दोन आठवडे मी अकराऐवजी सकाळी सातला जाऊन सुनेला लवकर उठवण्याचे पाप केले.

आता मंगळवार आणि शुक्रवार ठरलेले आहेत. जमिनीवरून मी छत्तीस किलो उचलते, डोक्यावर साडेतेरा. पुढची डेक्सा चाचणी दोन वर्षांनी करायची आहे. दादा दर महिन्याच्या एक तारखेला विचारतात, “ताई, तीन महिन्यांचे एकदम का भरत नाही, तीनशे रुपये वाचतील की.” मी नऊशे रुपये मोजून त्यांच्या हातात ठेवते, आणि ते मान हलवत वहीत लिहितात.