फुगडीला जोड हवी

२० एप्रिल २०२५, रविवार

देवघरापुढून उठताना आज पुन्हा तोंडातून 'आई गं' निघालं. उजवा हात भिंतीला, डावा गुडघ्यावर, 'आई गं', आणि मग मी उभी, असा आता क्रमच ठरून गेलाय. सासूबाई खुर्चीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. वय ७९. म्हणाल्या, "हे माझं वाक्य आहे गं. तू कधी उचललंस?"

मी ५१. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. आपल्याकडे बहुतेकींची ४६-४७च्या सुमाराला जाते, माझी जरा रेंगाळली. त्या काळात बहिणींनी, ऑफिसातल्या बायकांनी गरम वाफा, झोप, चिडचिड यांबद्दल भरभरून सांगितलं. हाडांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ती बिचारी कुरकुरत नाहीत, गुपचूप विरत जातात, म्हणून असेल. फेब्रुवारीत हाडांची घनता मोजून घेतली. खुब्याचा टी-स्कोअर उणे १.९. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ ला पोचलं की हाडं ठिसूळ म्हणायची. मी मधल्या जिन्यावर. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या, "रोज चालत जा, उड्या मारू नका" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. उड्या! मी शेवटची उडी कधी मारली होती तेच आठवेना.

आई चिपळूणच्या घरी मोरीत घसरली तेव्हा ६८ वर्षांची होती. खुब्याचं हाड मोडलं. पुढे ती घरातल्या घरात चालली, पण उंबऱ्याबाहेर एकटी कधी गेली नाही. त्या मोरीची शेवाळलेली फरशी मला अजून दिसते.

आजवरचे प्रयत्न, नोंद असावी म्हणून: जिमची वर्षाची फी, त्यात गेले ११ दिवस. लेकाने बंगलोरहून पाठवलेलं पावलं मोजणारं घड्याळ. ते रात्री नऊला 'उठा, जरा हालचाल करा' म्हणायचं आणि मी तेव्हा ओट्यापाशी भांडी घासत उभी असायचे. ते आता ह्यांच्या खणात पडलंय. योगासनांची सतरंजी, जिच्यावर गेल्या वर्षी आम्ही कुरडया वाळवल्या.

४ मे, रविवार

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्या मंगळागौरीच्या ग्रुपमधली एक बाई पुण्याला राहायला गेली. "सोळाच्या पंधरा झालो. फुगडीला मला जोडच उरली नाही. तुम्ही या."

डोंबिवलीत असे ग्रुप पैशाला पासरी. श्रावणात नव्या सुनेची मंगळागौर हॉलवर होते, रात्र जागवायचा प्रश्नच नाही, वेळ संपली की हॉलवाला दिवे मालवायला लागतो. घरच्या बायकांना खेळ येत नाहीत, मग ग्रुप बोलवायचा. मानधन, नाश्ता, येण्याजाण्याचे पैसे. खरं सांगायचं तर मला हा सगळा प्रकार हौसेचं कंत्राट दिल्यासारखा वाटायचा.

मी म्हटलं, "अहो, माझे गुडघे..."

"गुडघे सगळ्यांनाच असतात," वहिनी म्हणाल्या आणि चहाचा कप स्वतःच आत नेऊन ठेवला. विषय संपला.

२७ मे, मंगळवार

मे महिन्यातच पाऊस! काल मुंबईत मान्सून दाखल झाला, आणि आमची गच्चीवरची तालीम खाली पार्किंगमध्ये आली. दोन स्कूटर आणि एक झाकलेली मारुती यांच्या मध्ये सोळा बायका. शिकवतात त्या शाळेतून निवृत्त झालेल्या पी.टी.च्या बाई. शिट्टी अजून गळ्यात आहे.

पहिला झिम्मा. चौथ्या-पाचव्या उडीला ते झालं. दोन-तीन थेंबच, पण मी गप्पकन थांबले. शिंकताना, खोकताना कधी कधी व्हायचं, म्हणून मी सर्दीतही पाय आवळून बसणारी बाई. "पाय मुरगळला" असं म्हणून कडेला गेले. पी.टी.च्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, समोर बघतच म्हणाल्या, "पाय मुरगळलाय की दुसरं काही? मी तर घरून निघतानाच पॅड लावते."

मग काय, बांध फुटावा तशा सगळ्या बोलायला लागल्या. सोळांपैकी नऊ जणींना हे आहे. नऊ! एकीने ट्रेकला जाणं सोडलंय, एक बसच्या प्रवासाआधी सकाळपासून पाणी पीत नाही. नातवाला उचलून घेतलं की होतं म्हणून एक आजी त्याला उचलत नाही, आणि सुनेला वाटतं सासूला नातवाचं प्रेम नाही. आम्ही वर्षानुवर्षं एका जिन्याने चढउतार करतोय, एकमेकींच्या कोशिंबिरीत काय पडतं ते ठाऊक आहे, आणि हे माहीत नव्हतं.

नंतर हसून हसून पुन्हा तेच व्हायची वेळ आली.

१५ जून, रविवार

फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले. माझ्या लेकाहून लहान मुलगी, पण तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हात छातीशी घ्या आणि या खुर्चीतून ३० सेकंदांत जितक्या वेळा उठता-बसता येईल तितकं करा." मला वाटलं, ही काय परीक्षा? झाले ९. तिच्या हिशेबाने ६० ते ६४ वयाच्या बाईलाही निदान १२ यायला हवेत. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. मग त्या रडण्याचा राग आला.

तिने सांगितलेलं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. इस्ट्रोजेन कमी झालं की पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते. स्नायूही घटतात, आणि गुडघ्याला धरून ठेवतात ते मांडीचेच स्नायू. चालणं चांगलंच, आठवड्याला १५० मिनिटं तरी हवं, पण त्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायामही हवा. डॉक्टरांनी मला अर्धंच सांगितलं होतं. उड्यांचं काय? "हाडाला थोडा दणका लागतोच, त्याने ते तयार होतं. पण आधी दणका पेलणारे पाय करू." म्हणून सहा आठवडे कोंबडा आणि बस फुगडी बंद, साधी फुगडी चालेल. खुर्चीतून हात न लावता उठणं, भिंतीला हात टेकून जोर, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. आणि हातात वजन घेऊन खाली वाकणं, पाठ सरळ ठेवून.

डंबेल्स विकत घ्यायची नाहीत असं मी ठरवलंय. माझ्या घरात विकत घेतलेल्या व्यायामाच्या वस्तूंचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. आंबेमोहोराच्या दोन-दोन किलोच्या दोन पिशव्या डब्यात पडून होत्या, त्या जुन्या उशीच्या अभ्र्यांत घालून तोंडं शिवून टाकली.

थेंबांवरचा व्यायाम वेगळा. लघवी रोखताना जे आवळतो ते आवळायचं, पाच मोजायचं, पूर्ण सैल सोडायचं. दहादा, दिवसातून तीन वेळा. पोट आवळायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. कुणाला कळतही नाही. मी ते आता गाडीत करते. कोपर ते दिवा एक फेरी. बायकांच्या डब्यात समोरची मेथी निवडत असते, एक स्तोत्र पुटपुटत असते, आणि माझं हे चाललेलं. आज समोर बसलेल्या अनोळखी बाईच्या चेहऱ्यावर तसाच गंभीर भाव दिसला आणि मला शंका आली.

६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याची भाजी. त्या मुलीने प्रथिनं मोजायला सांगितल्यापासून मला ताटात आकडे दिसायला लागलेत. किलोमागे ०.८३ ग्रॅम, माझं वजन ५८, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम. नेहमीच्या दिवशी चहा-खारी, पोहे, पोळीभाजी, रात्री आमटीभात असा हिशेब मांडला तर मी पस्तिशीच्या पुढे कशीबशी जायचे. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळपास नाहीतच, खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. कूट दुप्पट घातला. सासूबाईंना फारच आवडली.

दुपारी पडल्या पडल्या एक विचार छळायला लागला. जिमला ११ दिवस गेले. तालमीला दोन महिन्यांत फक्त एकदा दांडी, तीही ताप होता म्हणून. का? फुगडीत आपण मागे रेलतो ते समोरचीच्या भरवशावर. मी गेले नाही तर वहिनी कडेला बसून राहतात. म्हणजे मी जाते ती त्यांच्यासाठी. आयुष्यभर डबे, ताप, परीक्षा, सासऱ्यांची आजारपणं यांसाठी उठले, आता स्वतःच्या हाडांसाठी उठायचं तर तिथंही दुसऱ्याची गरज पुढे करावी लागते! वहिनींना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग मी कुणासाठी जाते असं वाटतं तुम्हाला?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तांदळाच्या पिशव्यांना जोड लागत नाही, आणि तिथं मी तीनातून दोनदा टाळाटाळ करते, हे खरंच आहे.

१३ जुलै, रविवार

सासूबाई आज तालीम बघायला खाली आल्या, खुर्चीसकट. दहा मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "टाच आपटू नका गं, चवड्यावर नाचायचं. आणि पकवा कुठाय?" आणि तोंडाने पकवा घालायला लागल्या. दात नसल्याने तो वेगळाच वाजत होता, पण ताल असा पक्का की आमची फुगडी आपोआप वेगात आली. संगमेश्वराकडच्या त्या. सातवीत लग्न ठरलं. मंगळागौरीला रात्रभर जमिनीवर उठबस करायच्या आणि पहाटे विहिरीचं पाणी भरायचं, तेव्हा व्यायाम हा शब्द कुणाला माहीत होता, असं म्हणाल्या. मला त्या काळाची मुळीच हौस नाही. विहिरीचं पाणी त्यांनाच लखलाभ. पण त्या अजून कमोडवरून हात न टेकता उठतात, हे मी आज पहिल्यांदा लक्षपूर्वक पाहिलं.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

पहिली मंगळागौर, कल्याणला. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण 'घरगुती काम' लिहिलं. शिवलेली नऊवारी, नथ दाबाची, पायात काही नाही. हॉलच्या फरश्या इतक्या टणक की टाचा अजून ठणकताहेत.

सूप नाचवलं, लाट्या झाल्या, किस झाला. गाठोडं मी मुद्दामच सोडलं, मणक्याला ते नको म्हणून बजावलंय. मग वहिनींनी हात पुढे केला आणि उकिडवं बसायची खूण केली. सहा आठवडे परवाच पुरे झाले होते. बस फुगडी! एक पाय पुढे, एक पाय पुढे. मनात मोजत होते. ११ पर्यंत आकडा आठवतो, नंतर फक्त वहिनींचा घामेजलेला चेहरा आणि मागे फिरणाऱ्या झेंडूच्या माळा. कोरडी राहिले, हेही इथे लिहून ठेवते. ही रोजनिशी आहे.

उठताना 'आई गं' म्हटलं की नाही ते आठवत नाही. ढोलकीत ऐकूच आलं नसतं.

नवरी २७ वर्षांची, दोन फुगड्यांतच खाली बसली. दिवसभर लॅपटॉप, म्हणाली. तिची आई माझ्याच वयाची, भिंतीकडेच्या खुर्चीत. मी हात धरून बोलावलं तर म्हणाली, "नको हो, माझे गुडघे..." वहिनींचं ते वाक्य जिभेवर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळलं, शेजारी बसले आणि हळूच विचारलं, "गुडघेच की दुसरं काही?" ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. मग तिने मुलीच्या साडीच्या निऱ्यांचा विषय काढला. निघताना मात्र माझा नंबर घेतला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तिसरी मंगळागौर. घरी आले तर हे म्हणाले, "आजपण?" नुसतं विचारलं, राग नव्हता, पण जेवणाची ताटंही मांडलेली नव्हती. मी नथ काढता काढता म्हटलं, "आजपण." पुढच्या मंगळवारीही आहे असंही सांगून टाकलं. आमटी त्यांनीच गरम केली. करपवली थोडी.

२४ ऑगस्ट, रविवार

श्रावण संपला. बुधवारी गणपती. तालीम आता थेट नवरात्राच्या तोंडावर, भोंडल्यासाठी. चार दिवस झाले, जोड नाही, शिट्टी नाही, पार्किंगमध्ये पुन्हा नुसत्या स्कूटर. गुरुवारी पिशव्यांकडे पाहिलंच नाही. शुक्रवारी पाहिलं, हात लावला नाही. आज सकाळी सगळे झोपलेले असताना खुर्ची ओढून घेतली, मोबाइलवर ३० सेकंद लावले. १४. कुणाला सांगायला कुणी उठलेलंच नव्हतं. ग्रुपवर टाकावं असं मनात आलं, पण टाकलं नाही.

पिशव्या घेऊन दहा-दहाच्या दोन फेऱ्या केल्या. तिसरीच्या मध्ये सासूबाई काठी टेकत दारात आल्या.

"तो आंबेमोहोर ना गं? खाली ठेव तो. आज धुऊन वाळवला नाही तर मोदकांच्या पिठीला काय घेणार?"

म्हटलं, "सहा राहिलेत."

त्या थांबल्या. सहा झाल्यावर कात्री आणून दिली. मी अभ्र्याचे टाके उसवले, तांदूळ परातीत ओतला. आता तूरडाळीच्या पिशव्या शिवायला हव्यात, दोन्ही एक-एक किलोच्याच आहेत.