बागेचं आरक्षण आणि दहा वर्षं
आज शहराच्या विकास आराखड्याचे भाग नकाशे (एकेका भागाचे नकाशे) चाळताना पुन्हा काळजी वाटली. नकाशावर हिरवा रंग भरून एखाद्याची जागा बागेसाठी राखून ठेवली, म्हणजे आरक्षण टाकलं, की बाग झाली, असं नाही. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) १९६६, कलम १२७: अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द! रोख मोबदल्याला पैसे नसतात, टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मालकाला नको असतो, आणि फाईल पडून राहते. रस्तारुंदीची पट्टी निदान बांधकाम परवानगीच्या वेळी मिळते. मैदान बहुधा एकगठ्ठाच घ्यावं लागतं. आपल्या भागातल्या आरक्षणाचा सर्व्हे नंबर सातबाऱ्याशी ताडा, नोटीस आली आहे का ते माहिती अधिकारात विचारा. आराखडा लागू होऊन आठवं-नववं वर्ष असेल तर येत्या अंदाजपत्रकातच तरतूद मागा.