ऑनलाइन कोण? फ्रीरेडियस आणि लटकलेली सेशन्स

फ्रीरेडियस म्हणजे नेटवर्कवरचं लॉगिन तपासणारा सर्व्हर. पासवर्ड बरोबर आहे एवढं सांगून तो मोकळा होतो. यूजर अजून जोडलेला आहे की निघून गेला, हे त्याला राउटर किंवा अॅक्सेस पॉइंट सांगेल तेव्हाच कळतं. ही खबर, म्हणजेच अकाउंटिंग, स्टार्ट (सुरुवात), इंटरिम-अपडेट (मधली खबर) आणि स्टॉप (शेवट) या पॅकेटांतून यूडीपी पोर्ट 1813 वर येते. फायरवॉलमध्ये लॉगिनचा पोर्ट 1812 उघडा आणि 1813 बंद असेल, तर लॉगिन झकास चालतं, नोंद मात्र एकही पडत नाही.

आवृत्ती 3 मध्ये नोंदी डेटाबेसमध्ये टाकणाऱ्या एसक्यूएल मॉड्यूलची लिंक मॉड्स-एनेबल्ड या फोल्डरमध्ये लागते. डिफॉल्ट साइट या कॉन्फिग फाइलच्या अकाउंटिंग विभागात त्याचं नाव असतं, पण पुढे उणे चिन्ह लावलेलं. म्हणजे मॉड्यूल सापडलं नाही तर मुकाट्याने पुढे जा. लिंक विसरलात तरी सर्व्हर सुरू होतो आणि नोंदींचं रॅडअॅक्ट टेबल रिकामंच राहतं. डीबग मोडमध्ये चालवलं की 'इग्नोरिंग एसक्यूएल' ही ओळ दिसते.

टेबलात ज्या ओळीची स्टॉपची वेळ नल (म्हणजे रिकामी), तो यूजर ऑनलाइन. एका नावावर एकच लॉगिन हवं तर यूजरच्या अटी ठेवणाऱ्या रॅडचेक टेबलात सायमल्टेनियस-यूज 1 टाका, डिफॉल्ट साइटच्या सेशन विभागातल्या एसक्यूएलपुढचा हॅश (#) काढा, आणि क्वेरीजच्या फाइलमधली चालू लॉगिन मोजणारी सायमल-काउंटची क्वेरी हॅश लावून बंद असेल तर तीही उघडा. ही तिसरी पायरी हमखास राहते.

खरी डोकेदुखी पुढे आहे. राउटरची वीज गेली की स्टॉप येतच नाही. ओळ उघडी राहते आणि बिचाऱ्या यूजरला 'तुम्ही आधीच लॉगिन आहात' म्हणून नकार मिळतो. राउटर परत चालू होताना अकाउंटिंग-ऑन ('मी नव्याने सुरू झालो') हे पॅकेट पाठवत असेल तर त्याच्या सगळ्या ओळी बंद होतात, पण सगळेच राउटर ते पाठवत नाहीत. म्हणून लॉगिनच्या उत्तरातच अॅक्ट-इंटरिम-इंटरव्हल (दर किती वेळाने इंटरिम-अपडेट पाठवायचं) 600 सेकंद द्या. 60 च्या खाली जायला आरएफसी 2869 हा मानक दस्तऐवज मनाई करतो. मग 30 मिनिटांत अपडेट न आलेल्या ओळी क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीने) बंद करा. स्टॉपची वेळ मात्र शेवटच्या अपडेटची लावा, आत्ताची नको. नाहीतर वापराचे तास फुगतात.

वायफायवर पीप (PEAP, पासवर्ड सुरक्षित बोगद्यातून पाठवणारी लॉगिनची पद्धत) असेल तर नोंदीत सगळीकडे 'अॅनॉनिमस' दिसू शकतं, कारण ती बोगद्याबाहेरची ओळख. इनर-टनेलमधलं, म्हणजे बोगद्याच्या आतलं, खरं यूजर-नेम अॅक्सेस-अॅक्सेप्टमध्ये (लॉगिनला होकार देणाऱ्या उत्तरात) पाठवलं की बहुतेक अॅक्सेस पॉइंट पुढे तेच वापरतात.